पुठ्ठ्याची ढाल

अपराध्याला कोणती शिक्षा द्यावी हा प्रश्न अवघड असतो. पण त्या शिक्षेनें रिकामी झालेली जागा कोणाला द्यावी हा प्रश्न त्याहूनहि अवघड असतो. पहिल्या प्रश्नाचा निकाल लावतां लावतां थकून गेलेले न्यायाधीश दुसऱ्याचा निकाल बहुधा घाईनें, उभ्या उभ्या लावून मोकळे होतात. ता. २६ जुलै २००६ रोजीं इटालियन फुटबॉल महासंघानें नेमकें हेंच केलें. त्या देशाच्या प्रथम श्रेणीच्या साखळी-स्पर्धेचें, म्हणजे ‘सेरिए आ’चें, २००५-०६ सालचें अजिंक्यपद मैदानावर पहिल्या आलेल्या युव्हेंटसकडून काढून घेण्यांत आलें होतें, तें त्या दिवशीं मैदानावर तिसऱ्या आलेल्या इंटरच्या नांवें मांडण्यांत आलें. या पदाला इटालियन भाषेंत ‘स्कुदेत्तो’, म्हणजे लहानशी ढाल, असें म्हणतात. जिंकणारा संघ पुढील वर्षभर ती ढाल आपल्या अंगरख्यावर, छातीवर मिरवितो. इंटरनें ती मिरविली. त्याचे प्रतिस्पर्धी मात्र त्या वर्षीच्या ढालीला ‘पुठ्ठ्याची ढाल’ म्हणतात. वैऱ्यानें ठेवलेलें नांव म्हणून तें टाकून देतां आलें असतें. परंतु आमच्या मतें तें नांव अक्षरशः खरें आहे. युव्हेंटसला झालेली शिक्षा योग्य होती. इंटरला झालेला बहुमान अयोग्य होता. आणि त्या वर्षापुढची ओळ कोरी सोडणें हाच एक प्रामाणिक मार्ग होता, असें आम्ही या लेखांत दाखविणार आहों.

हा वाद इटलीचा. त्यांत आपण कशाला पडावें, असें कोणी म्हणेल. त्याला आमचें उत्तर असें कीं, मिलान आणि तुरीन येथील सामने मध्यरात्रीं पडद्यावर पाहणारीं मुलें आतां आपल्याच घरांत वाढत आहेत, आणि खेळाबरोबर खेळाची नीतीहि तीं तेथूनच शिकत आहेत. शिवाय त्या मोसमांतले नामांकित योद्धे आपल्या देशांत येऊन खेळून गेले आहेत. २००५-०६ मध्यें युव्हेंटसतर्फे साखळींत २३ गोल करणारा फ्रेंच खेळाडू दाविद त्रेझेगे २०१४ सालीं पुण्याच्या संघातून बालेवाडीच्या मैदानावर उतरला. युव्हेंटसचा कर्णधार अलेस्सांद्रो देल पिएरो त्याच वर्षीं दिल्लीकडून खेळला. इंटरचा मार्को मातेरात्सी चेन्नईच्या संघाचा शिक्षक झाला, आणि त्याच्या शिकवणुकीखालीं त्या संघानें २०१५ सालचा अंतिम सामना गोव्यांत, फातोर्ड्याच्या मैदानावर, गोव्याच्याच संघाविरुद्ध जिंकला. ज्यांच्या हातांतून ढाल गेली ते आणि ज्यांच्या हातांत ती आली ते, असे दोघेहि आपल्या अंगणांत येऊन गेले. तेव्हां त्या ढालीची चौकशी करण्याचा थोडासा हक्क आपल्यालाहि पोहोंचतो.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. त्या मोसमांत वीस संघ होते आणि प्रत्येकानें अडतीस सामने खेळावयाचे होते. युव्हेंटसनें २७ सामने जिंकले, १० बरोबरींत सोडविले आणि केवळ १ गमावला. त्याचे गुण ९१ झाले. मिलानचे ८८, इंटरचे ७६, फिओरेंतिनाचे ७४ आणि रोमाचे ६९. विजयाला तीन गुण या हिशेबानें पहिल्या आणि तिसऱ्या संघांत पांच विजयांचें अंतर होतें. आणि युव्हेंटसशीं झालेले दोन्ही सामने इंटरनें गमावले होते. मोसम संपत आला असतां, मे २००६ मध्यें, पोलिसांनीं टिपलेलीं दूरध्वनीवरचीं संभाषणें वृत्तपत्रांतून बाहेर पडूं लागलीं. युव्हेंटसचे महाव्यवस्थापक लुचानो मोज्जी हे, कोणत्या सामन्यावर कोणता पंच पाठवावयाचा हें ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांशीं वरचेवर बोलत असल्याचें त्यांतून दिसून आलें. बोलणें हवापाण्याचें नव्हतें, नेमणुकांचें होतें. ‘पंचांमुखीं परमेश्वर’ असें आपण म्हणतों. त्या मुखांत शब्द घालण्याची सोय कोणी करून ठेवली, तर मूर्ति जागच्या जागीं राहते आणि देव तेवढा निघून जातो. इटलींत तसेंच झालें.

ता. ९ जुलै रोजीं इटलीच्या राष्ट्रीय संघानें बर्लिन येथें विश्वचषक जिंकला, ता. १४ रोजीं महासंघाच्या न्यायमंडळानें पहिला निकाल दिला आणि ता. २५ रोजीं अपिलाचा निकाल लागला. युव्हेंटसची रवानगी खालच्या श्रेणींत, ‘सेरिए बी’मध्यें झाली, आणि तेथेंहि वजा गुणांचें ओझें घेऊन त्यानें सुरुवात करावी असें ठरलें. हें ओझें पहिल्या निकालांत ३० गुणांचें होतें, अपिलांत १७ चें झालें, आणि पुढें लवादासमोर ९ वर आलें. मिलान, फिओरेंतिना व लात्सिओ यांचे सरलेल्या मोसमांतील प्रत्येकीं ३० गुण कापले गेले आणि पुढच्या मोसमासाठींहि त्यांना वजाबाकी सोसावी लागली. भाजीबाजारांत शोभेल अशी ही घासाघीस न्यायमंदिरांत पाहून इटालियन लोकांना काय वाटलें असेल तें असो. शिक्षेचें माप कमीजास्त झालें तरी शिक्षेचें तत्त्व आम्हांला मान्य आहे. पंचांच्या नेमणुकींत जो हात घालतो तो खेळाच्या मुळावर घाव घालतो, आणि त्याला खालीं उतरविणें हें महासंघाचें कर्तव्यच होतें. युव्हेंटसची वकिली करण्यासाठीं हा लेख नाहीं, हें येथेंच सांगून ठेवतों.

आतां खरा प्रश्न. ज्या संभाषणांवर हा सारा खटला उभा राहिला तीं मुख्यतः आदल्या, म्हणजे २००४-०५ च्या, मोसमांतलीं होतीं. त्याहि वर्षीं युव्हेंटस पहिला, मिलान दुसरा आणि इंटर तिसरा असाच क्रम लागला होता. त्या वर्षाचें पद युव्हेंटसकडून काढून घेण्यांत आलें आणि कोणालाच दिलें गेलें नाहीं. ती ओळ आजतागायत कोरी आहे. त्याच्या पुढच्या वर्षाचें पद मात्र काढून घेतलें आणि इंटरला दिलें. तेच तीन संघ, तोच क्रम, तेंच प्रकरण, तेच न्यायाधीश. आणि एका वर्षीं मौन तर दुसऱ्या वर्षीं राज्याभिषेक! महासंघाच्या बाजूनें याचें स्पष्टीकरण असें दिलें जातें कीं, दुसऱ्या वर्षीं गुणांची वजाबाकी प्रत्यक्ष तक्त्यांत झाल्यामुळें इंटरचें नांव आपोआप वर आलें. आणि तीन तज्ज्ञांचा अभिप्राय घेऊन, पद रिकामें ठेवण्यास कांहीं कारण नाहीं असें महासंघाच्या प्रशासकानें ठरविलें. हे प्रशासक गुइदो रोस्सी नांवाचे विख्यात कायदेपंडित होते, आणि पूर्वीं कांहीं वर्षें ते इंटरच्याच संचालक मंडळावर होते. त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें आम्हांला कारण नाहीं. परंतु जेथें पंचांच्या निःपक्षपाताचाच न्याय चालला होता, तेथें न्याय करणारानें आपल्या जुन्या घरीं बहुमानाचें ताट पाठविण्याचा प्रसंग तरी येऊं द्यावयास नको होता.

‘आपोआप’ या शब्दानें हा वाद मिटत नाहीं. उलट तेथूनच त्याला सुरुवात होते. २००५-०६ चा मोसम एक तर निर्मळ होता, किंवा गढूळ होता. निर्मळ होता असें म्हणाल, तर युव्हेंटसचे ९१ गुण खरे ठरतात आणि त्याच्याहून १५ गुणांनीं मागें राहिलेला संघ त्या वर्षीचा अजिंक्यवीर होऊं शकत नाहीं. गढूळ होता असें म्हणाल, तर ज्या पाण्यांत वीसहि संघ पोहले त्या पाण्यांतून इंटरचे ७६ गुण तेवढे कोरडे निघाले हें कोणत्या न्यायानें? पंचांची नेमणूक एका संघापुरती नव्हती. एका चांगल्या पंचाला एका सामन्यावरून हलविलें कीं तो दुसऱ्या सामन्यावर जातो, आणि तेथला तिसरीकडे. नेमणुकीचें यंत्र बिघडलें असेल तर साऱ्या तक्त्यालाच त्याचा संसर्ग झाला. म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. आणि महासंघानें या दोहोंच्या मधून काढलेली पायवाट अशी कीं, मोसम पहिल्या दोघांपुरता गढूळ आणि तिसऱ्यापुरता निर्मळ मानावयाचा! शिक्षा ही घेण्याची क्रिया आहे आणि बहुमान ही देण्याची. एखाद्याकडून कांहीं काढून घेण्याला त्याचा अपराध पुरेसा होतो. दुसऱ्याला कांहीं देण्याला पहिल्याचा अपराध पुरेसा होत नाहीं, त्याला घेणाऱ्याचा पराक्रम लागतो.

प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप ऑलिंपिकचा असतो. १९८८ सालीं सोल येथें शंभर मीटरच्या शर्यतींत बेन जॉन्सन पहिला आला, उत्तेजक द्रव्य सापडल्यानें तो बाद झाला, आणि सुवर्णपदक दुसऱ्या आलेल्या कार्ल लुईसला मिळालें. त्याला कोणी पुठ्ठ्याचें म्हणत नाहीं, मग फुटबॉललाच निराळा न्याय कां? याचें उत्तर खेळाच्या घडणींतच आहे. धांवण्याच्या शर्यतींत प्रत्येकाची पट्टी निराळी असते. जॉन्सन धांवला नसता तरी लुईसचें घड्याळ तेंच दाखविण्याचा संभव आहे. साखळी-स्पर्धेंत तसें नाहीं. तेथें प्रत्येक संघाचे गुण दुसऱ्याच्या खिशांतून निघतात. युव्हेंटस आणि मिलान हे दोन संघ दूषित मानून बाजूला काढले, तर त्यांनीं इतर अठरा संघांशीं खेळलेले सामने कोणत्या खात्यांत घालावयाचे? त्या सामन्यांत झालेल्या दुखापती, मिळालेले ताकिदीचे पत्ते, त्यामुळें पुढच्या सामन्याला मुकलेले खेळाडू यांचा हिशेब कसा करावयाचा? साखळी हें नांवच सांगतें कीं, एक कडी तोडून बाकीची साखळी जशीच्या तशी गळ्यांत घालतां येत नाहीं. या दृष्टीनें फुटबॉलची साखळी शंभर मीटरच्या शर्यतीपेक्षां फ्रान्सच्या सायकल-शर्यतीला जवळची आहे. तेथेंहि तीन आठवडे सारा जथा एकमेकांच्या आड आणि एकमेकांच्या गतीनें चालतो. १९९९ ते २००५ पर्यंतचीं लान्स आर्मस्ट्राँगचीं सात पदें २०१२ सालीं रद्द झालीं, तेव्हां सायकल-महासंघानें तीं कोणालाहि न देतां सातहि जागा रिकाम्या ठेवल्या. त्या शर्यतीचा महिमा त्यामुळें कमी झाला नाहीं. उलट त्या सात ओळी पाहणाऱ्याला तेथें काय घडलें हें कोणीं न सांगतां कळतें.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणूनच अधिक बळकट आहे. लबाडांच्या मागें राहिलेल्या प्रामाणिक संघाला कांहींच मिळूं नये काय? चोरानें एकदां लुटलें आणि न्यायाधीशानें दुसऱ्यांदां, असें त्यानें म्हणावें काय? या प्रश्नापुढें क्षणभर थांबणें अवश्य आहे. आमचें म्हणणें असें कीं, हक्क आणि मान या दोन वस्तु आहेत, आणि त्यांची गल्लत करतां कामा नये. पुढच्या वर्षी वीस संघांची स्पर्धा भरवावयाची तर विसावी जागा कोणीतरी भरलीच पाहिजे. म्हणून ३१ गुणांवर अठरावा आलेला मेस्सीना, खालच्या श्रेणींत जावयाचा तो, युव्हेंटसच्या पतनामुळें वांचला. युरोपच्या स्पर्धेसाठीं इटलीचे संघ पाठवावयाचे तर त्याहि जागा भरल्या पाहिजेत; त्या भरल्या गेल्या. ३० गुण कापूनहि ५८ गुणांवर तिसरा राहिलेला मिलान त्या स्पर्धेंत उतरला, आणि २३ मे २००७ रोजीं अथेन्स येथें लिव्हरपूलला हरवून युरोपचा अजिंक्यवीरहि झाला. शिक्षेची ही विचित्र फलश्रुति आम्हांला रुचत नाहीं, पण ती समजते, कारण रिकाम्या जागेनें तेथें काम अडत होतें. जागा, पैसा, प्रवेश हे हक्क आहेत, आणि ते पुढच्या पात्राला देणें व्यवहाराला धरून आहे. अजिंक्यपद हा मान आहे. अजिंक्यवीर नाहीं म्हणून पुढच्या वर्षीं एकहि सामना अडला नसता. जेथें अडत नव्हतें तेथें भरण्याची घाई कां? आणि प्रामाणिकपणाचें बक्षीस म्हणून जर हा मान द्यावयाचा, तर ६९ गुण मिळविणाऱ्या रोमानें, किंवा तळाशीं पडूनहि कोणाला दूरध्वनि न करणाऱ्या त्रेविझोनें काय पाप केलें होतें? प्रामाणिकपणा हें खेळण्याचें तिकीट आहे, जिंकण्याचा पुरावा नव्हे. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरावी हें जगाच्या रीतीला धरून असेल. पण त्या गायीच्या गळ्यांत पहिल्या क्रमांकाची घंटा बांधून तिची मिरवणूक काढण्याचें कारण नाहीं.

या प्रामाणिकपणाच्या आधाराचीहि पुढें काय गति झाली तें पाहण्यासारखें आहे. नेपल्स येथें चाललेल्या फौजदारी खटल्याच्या ओघांत २०१० सालीं आणखी कांहीं संभाषणें बाहेर आलीं. त्यांत इंटरच्या तत्कालीन अधिकाऱ्यांचींहि होतीं. महासंघाच्या अभियोक्त्यानें जुलै २०११ मध्यें असा अभिप्राय दिला कीं, त्या वर्तनाबद्दलहि आरोप ठेवतां आले असते, परंतु प्रकरण आतां मुदतबाह्य झालें आहे. ज्यांच्यावर मुख्य रोख होता ते इंटरचे अध्यक्ष सप्टेंबर २००६ मध्यें वारले होते. त्यांना उत्तर देण्याची संधि मिळाली नाहीं आणि आतां मिळणारहि नाहीं. आरोप सिद्ध झाला नाहीं, म्हणून इंटर दोषी आहे असें म्हणण्याचा कोणालाहि अधिकार नाहीं. चौकशी झाली नाहीं, म्हणून तो निर्दोष ठरला असेंहि म्हणतां येत नाहीं. सगळा पुरावा ऐकण्यापूर्वीं, अपिलाच्या दुसऱ्या दिवशीं, मुकुट घालण्याची घाई केली नसती, तर त्या गेलेल्या माणसाच्या नांवाभोंवतीं हा धुरळा उडालाच नसता. युव्हेंटसनें पद परत घेण्याची मागणी केली तेव्हां महासंघाच्या मंडळानें १८ जुलै २०११ रोजीं उत्तर दिलें कीं, असा निर्णय करण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. २००६ सालीं देण्याला अधिकार होता, २०११ सालीं घेण्याला नव्हता! दान देतांना ज्याचा हात मोकळा असतो त्यानें हिशेब देतांनाच हात बांधलेले दाखवावे, हें कोणत्याहि संस्थेला शोभत नाहीं.

इंटरवर इतकें लिहिल्यावर युव्हेंटसच्या गोटांत टाळ्या पडतील, तर त्या थांबविणें आमचें काम आहे. मोज्जी यांच्याविरुद्धचा फौजदारी खटला मार्च २०१५ मध्यें इटलीच्या सर्वोच्च न्यायालयांत मुदतीच्या कायद्यानें संपला. महासंघानें त्यांना आजन्म बंदी केली ती मात्र कायम आहे. असें असतां त्या क्लबानें २०१२ सालीं, महासंघाच्या वहींत २८ पदें असतांना, आपल्या अंगरख्यावर ‘मैदानावर ३०’ अशा अर्थाचीं अक्षरें विणून घेतलीं. महासंघावर सुमारे ४४ कोटि युरोंची फिर्यादहि केली. ती २०१६ सालीं रोमच्या न्यायालयानें फेटाळली. घरच्या भिंतीवर आपला आंकडा आपणच लिहावयाचा आणि सरकारी वहींतला आंकडा खोटा म्हणावयाचें, ही वृत्ति पंचाशीं दूरध्वनीवर बोलणाऱ्या वृत्तीहून फार दूरची नाहीं. मैदानावरचे ९१ गुण खेळाडूंच्या घामाचे होते हें आम्हांला मान्य आहे, आणि त्रेझेगे किंवा देल पिएरो यांच्या पायांचा त्यांत दोष नाहीं हेंहि मान्य आहे. पण मालकानें दुधांत पाणी घातलें म्हणजे गुराख्याच्या कष्टांबद्दल कितीहि कणव आली तरी तें दूध निर्भेळ म्हणून विकतां येत नाहीं. त्या वर्षाचें पद युव्हेंटसचें नाहीं. आणि युव्हेंटसचें नाहीं एवढ्यावरून तें इंटरचेंहि होत नाहीं. ओळ कोरी ठेवली असती तर या दोन वह्या निर्माण झाल्या नसत्या. कोऱ्या जागेवर दोघांनाहि हक्क सांगतां येत नाहीं. भरलेल्या जागेवर मात्र दोघेहि भांडतात.

असें करतां येतें, आणि इटलींतच तें पूर्वीं झालेलें आहे. १९२६-२७ च्या स्पर्धेंत तोरिनो पहिला आला. पुढें असें उघडकीस आलें कीं, त्याच शहरांतल्या युव्हेंटसविरुद्ध ५ जून १९२७ रोजीं झालेल्या सामन्यासाठीं तोरिनोच्या एका संचालकानें युव्हेंटसच्या लुईजी आलेमांदी या खेळाडूला ५०,००० लिरा देऊं केले होते. महासंघानें नोव्हेंबरमध्यें तोरिनोचें पद रद्द केलें. दुसरा आलेला संघ होता बोलोन्याचा. आणि महासंघाचे अध्यक्ष लेआंद्रो आर्पिनाती हे बोलोन्या शहराचे त्या वेळचे नगरप्रमुख, तेथल्या फॅसिस्टांचे पुढारी! सर्व सत्ता हातीं, आपलें गांव दुसरें आणि पहिल्याची जागा रिकामी. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसण्याला याहून सोयीची वेळ ती कोणती? तरीहि तें पद बोलोन्याला दिलें गेलें नाहीं. ती ओळ रिकामी राहिली. तोरिनोनें पुढच्याच वर्षीं, १९२७-२८ मध्यें, मैदानावर खेळून अजिंक्यपद मिळविलें. आणि आजन्म बंदीची शिक्षा झालेला आलेमांदी माफी मिळून परत आला व १९३४ सालीं इटलीच्या विश्वविजयी संघांत खेळला. आर्पिनातींचा पक्ष हा नीतीचा गुरु मानावा असें आम्ही स्वप्नांतहि म्हणणार नाहीं. पण हुकूमशाहीच्या नोकराला जो संकोच वाटला तो लोकशाहीच्या कायदेपंडितांना वाटूं नये, हें मात्र मनाला बोंचतें.

एवढ्याशा ओळीनें काय होतें, असें म्हणणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. इटलींत दहा अजिंक्यपदांमागें अंगरख्यावर एक सोनेरी तारा लावण्याची चाल आहे. एप्रिल २०२४ मध्यें इंटरनें आपल्याच शहरांतल्या मिलानला हरवून ‘विसावें’ पद मिळविलें आणि दुसरा तारा लावला. त्या वीसांत २००६ चें पद धरलेलें आहे. तें वजा केलें तर त्या दिवशींचा आंकडा एकोणीस होतो. मैदानावर मिळविलेल्या एकोणीस पदांचा प्रकाश त्या एका पुठ्ठ्याच्या पदानें संशयित करून टाकला. खोट्या नाण्याचा दोष हाच आहे. तें एकटें राहत नाहीं, पिशवींतल्या खऱ्या नाण्यांनाहि तें वाजवून पाहावयास लावतें.

परीक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना या प्रकरणांत आपलीच ओळखीची चूक दिसते. कोणत्या खोलीवर कोणता पर्यवेक्षक पाठवावयाचा हें ठरविणाऱ्या अधिकाऱ्याशीं पहिल्या आलेल्या मुलाच्या वडिलांचें संधान होतें, असें निकालानंतर सिद्ध झालें, तर त्या मुलाचा निकाल रद्द करावा. दुसऱ्याचेंहि तसेंच असेल तर त्याचाहि करावा. तिसऱ्याला पास करावें, शिष्यवृत्ति द्यावी, पुढच्या वर्गांत जागा द्यावी. पण विद्यापीठाचें सुवर्णपदक त्या वर्षीं पेटींत राहावें. तिसऱ्या मुलाचा अपमान करण्यासाठीं नव्हे. त्या वर्षीं परीक्षा जशी व्हावयास पाहिजे होती तशी झालीच नाहीं, एवढें सत्य वहींत राहावें म्हणून. आपल्याकडे निकालांची, याद्यांची, बक्षिसांची वही कोरी ठेवण्याची फार भीति वाटते. ‘यंदा योग्य उमेदवार नाहीं’ असें लिहिणाऱ्या परीक्षकाला आपण कठोर म्हणतों, आणि कोणाचें तरी नांव भरून देणाऱ्याला समंजस म्हणतों. वास्तविक भरलेल्या ओळीपेक्षां कोरी ओळ कित्येकदां अधिक बोलते. १९४८ सालीं महात्माजींची हत्या झाली. त्या वर्षीं नॉर्वेच्या समितीनें नोबेल शांतता पारितोषिक कोणालाच दिलें नाहीं आणि हयात असा योग्य उमेदवार नाहीं असें कारण सांगितलें. कारण आणि प्रकरण दोन्ही येथल्याहून निराळीं. परंतु १९४८ पुढची ती रिकामी जागा पाहून आजहि वाचकाची नजर थबकते. तेथें एखादें नांव भरलेलें असतें तर ती पुढें सरकून गेली असती.

आमची मागणी साधी आहे. इटालियन महासंघानें २००४-०५ प्रमाणेंच २००५-०६ पुढेंहि रेघ ओढावी आणि शेजारीं एका वाक्यांत कारण लिहावें. त्याला अधिकार नसेल तर इंटरनें आपण होऊन तें पद परत करावें. त्याला तें परवडण्यासारखें आहे. ज्यानें पुढच्याच मोसमांत ३० सामने जिंकून ९७ गुण मिळविले, ज्यानें २०१० सालीं देशांतलीं दोन्ही पदें आणि युरोपचें पद एकाच मोसमांत जिंकलें, आणि तसें करणारा जो इटलीचा पहिला संघ ठरला, त्याला कचेरींतल्या मेजावर मिळालेल्या ढालीची गरज नाहीं. ती ढाल घेऊन त्याला कीर्ति मिळाली नाहीं, ती परत केल्यानें मात्र मिळेल. आणि मग त्याच्या छातीवर जेवढे तारे राहतील तेवढे वाजवून पाहण्याची कोणाची छाती होणार नाहीं.